न्यूजलेटरच्या तळाशी पत्ता हवा, पण घरचा नको: मग कोणता द्यायचा?

ईमेल न्यूजलेटरसाठी खातं उघडताना मेलचिंप, किट यांसारखी सेवा टपालाचा पत्ता मागते. नव्या माणसाला वाटतं, हा बिलासाठी असेल. तो घरचा पत्ता टाकतो आणि पुढे जातो. मग पहिला अंक जातो, त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत फ्लॅट नंबरासकट घरचा पत्ता असतो, आणि तोवर तो दोन-तीनशे लोकांच्या इनबॉक्समध्ये कायमचा जाऊन बसलेला असतो. गेलेली ईमेल परत बोलावता येत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी पत्त्याची सोय, मग खातं. अमेरिकेत ही सोय व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, तेवढे हाताशी ठेवूनच पहिल्या अंकाची तारीख जाहीर करा.

पत्ता मागतात तो कशासाठी

याचं मूळ अमेरिकेच्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्यात आहे. कायदा २००३चा, अंमल १ जानेवारी २००४पासून. व्यापारी स्वरूपाच्या प्रत्येक ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचा खरा टपाली पत्ता असला पाहिजे, असं तो सांगतो. ‘खरा’ म्हणजे काय, हे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८मध्ये नियम करून स्पष्ट केलं. तीन प्रकार चालतात: तुमचा सध्याचा रस्त्यावरचा पत्ता, अमेरिकी टपाल खात्याकडे बरोबर माहिती देऊन घेतलेला पीओ बॉक्स (पोस्ट ऑफिसात भाड्याने मिळणारी टपालपेटी), किंवा टपाल खात्याच्या नियमांनुसार चालणाऱ्या खासगी एजन्सीकडचा मेलबॉक्स. घर यात कुठेही सक्तीचं नाही. ही तरतूद माहीत नसल्यामुळेच बहुतेक लोक घरचा पत्ता देऊन बसतात.

दंडाची कमाल मर्यादा २०२५च्या सुधारित आकड्यानुसार एका ईमेलमागे ५३,०८८ डॉलर आहे. दोनशे वाचकांच्या पाककृतींच्या न्यूजलेटरवर कोणी एवढी कारवाई करणार नाही, हे खरं. पण पत्ता न देणं हा दुर्लक्षित मुद्दाही नाही. ऑगस्ट २०२४मध्ये व्हर्काडा या सुरक्षा कॅमेऱ्यांच्या कंपनीने साडेएकोणतीस लाख डॉलर भरायचं मान्य केलं, आणि तिच्यावरच्या आरोपांमध्ये अनसबस्क्राइबची सोय न देण्याबरोबरच टपाली पत्ता न देणं हेही होतं. लहान माणसाला जाच होतो तो सरकारकडून कमी, ईमेल सेवेकडून जास्त: पत्ता खोटा वाटला तर खातं थांबवलं जातं.

न्यूजलेटर निव्वळ हौसेचं असेल, त्यात विक्री नसेल, तर कायदा कदाचित लागूही होणार नाही. पण सेवा तो फरक करत बसत नाहीत, पत्ता सगळ्यांनाच मागतात. आणि एखाद्या अंकात ‘दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेत आहोत’ एवढं आलं, की तो अंक व्यापारीच.

कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४पासून लागू आहे आणि काही बाबतींत जास्त कडक आहे. तिथे टपाली पत्त्याबरोबर फोन, ईमेल किंवा वेबसाइट यांपैकी एक द्यावं लागतं, आणि दिलेला पत्ता ईमेल गेल्यापासून किमान ६० दिवस चालू राहायला हवा. पीओ बॉक्स तिथेही चालतो. जर्मनीत मात्र चालत नाही. तिथे धंद्याचं ऑनलाइन काही चालवणाऱ्याला ‘इम्प्रेसुम’ (चालवणाऱ्याचं जाहीर नाव-पत्ता) द्यावं लागतं, आणि त्यात कोर्टाची नोटीस बजावता येईल असा पत्ता लागतो. बर्लिन-म्युनिकमधून लिहिणाऱ्यांनी खाली अमेरिकेसाठी दिलेले उपाय जसेच्या तसे उचलू नयेत.

पीओ बॉक्स: स्वस्त, साधा

फुटरमधल्या, म्हणजे ईमेलच्या तळाच्या पट्टीतल्या, पत्त्यावर येऊन येऊन किती टपाल येणार? चार जाहिराती, क्वचित एखादं ‘माझं नाव काढा’ असं पत्र, फार तर एखादी कायदेशीर नोटीस. म्हणून सगळ्यात लहान बॉक्स घ्या. अमेरिकी टपाल खात्याचे बॉक्स पाच आकारांत मिळतात. सगळ्यात लहानाचं तोंड साधारण ३ बाय ५.५ इंचाचं असतं. वाचक पुस्तकं किंवा भेटवस्तू पाठवतील असं काही तुमच्या न्यूजलेटरमध्ये नसेल, तर मोठ्या बॉक्सचे पैसे वाया.

१. टपाल खात्याच्या वेबसाइटवर झिप कोड (तिथला पिनकोड) टाकून कुठल्या ऑफिसात बॉक्स रिकामा आहे ते पाहा. भाडं ऑफिसागणिक बदलतं आणि शेजारच्या दोन झिप कोडमध्येही चांगलाच फरक निघतो, तेव्हा एकाच ऑफिसवर थांबू नका.

२. घराजवळचं ऑफिस हे आपोआप पहिलं उत्तर नसतं. अमेरिकेत घराच्या मालकीच्या नोंदी बहुतेक काउंट्यांमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) नावानिशी शोधता येतात. आठ-दहा हजार वस्तीच्या गावात तुमचं मराठी आडनाव एकट्याचंच असेल, तर आडनाव आणि गावाचा झिप कोड एवढ्यावर घर सापडतं. ऑफिसच्या वाटेवरचं किंवा शेजारच्या मोठ्या शहरातलं पोस्ट ऑफिस घ्या.

३. बॉक्स ऑनलाइन राखून ठेवता येतो, पण ओळख पटवायला प्रत्यक्ष जावंच लागतं, आणि ते ३० दिवसांच्या आत. दोन ओळखपत्रं न्या: एक फोटोचं, एक पत्ता सिद्ध करणारं. पासपोर्ट आणि घराचा भाडेकरार ही जोडी सहसा पुरते. सोशल सिक्युरिटी कार्ड, क्रेडिट कार्ड, जन्मदाखला चालत नाही.

४. १०९३ क्रमांकाच्या फॉर्मवर तुमच्या नावाबरोबर न्यूजलेटरचं नावही लिहा. हे विसरलात, तर न्यूजलेटरच्या नावाने आलेलं पाकीट ‘इथे असं कोणी नाही’ म्हणून परत जाऊ शकतं. ते नाव रोमन लिपीत फुटरमध्ये जसं छापणार, अगदी त्याच स्पेलिंगमध्ये लिहा.

पीओ बॉक्समध्ये फेडएक्स, यूपीएस यांची पार्सलं येत नाहीत. काही पोस्ट ऑफिसांत वेगळ्या करारावर सही केली की पोस्ट ऑफिसचा रस्त्याचा पत्ता आणि पुढे # लावून बॉक्स क्रमांक असा पत्ता वापरता येतो, मग तीही येतात. फुटरच्या कामासाठी याची गरज पडत नाही.

घरचा पत्ता फॉर्मवर खराच द्यायचा. तो टपाल खात्याकडे राहतो, रस्त्यावरच्या माणसाला मिळत नाही. पोलिस, कोर्ट आणि समन्स बजावणारे मात्र रीतसर मागणी करून तो मिळवू शकतात. म्हणजे चिडलेल्या वाचकापासून, नको त्या चाहत्यापासून, नातेवाइकांच्या नातेवाइकांपासून आडोसा मिळतो, कायद्यापासून नाही. पाठलाग किंवा घरगुती हिंसेमुळे पत्ता लपवणं जिवाच्या मोलाचं असेल, तर बॉक्सवर विसंबू नका. अनेक राज्यांत त्यासाठी खास पत्ता-गोपनीयता योजना आहेत, कॅलिफोर्नियातली ‘सेफ अॅट होम’ त्यांपैकी एक. आधी तिथल्या माणसाशी बोला, न्यूजलेटरचं नंतर पाहा.

खासगी मेलबॉक्स आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स

यूपीएस स्टोअरसारख्या दुकानात भाड्याने मिळणारा मेलबॉक्स पीओ बॉक्सपेक्षा महाग असतो, पण पत्ता रस्त्याचा दिसतो आणि सगळ्या कुरिअरची पार्सलं घेतली जातात. व्हर्च्युअल मेलबॉक्स हा त्याचाच भाऊ. तुम्ही दुकानात जात नाही. ते पाकिटाचा फोटो काढून अॅपवर टाकतात आणि तुम्ही ठरवता की उघडून स्कॅन करायचं, पुढे पाठवायचं की फाडायचं. आयपोस्टल१, एनीटाइम मेलबॉक्स ही यातली ठळक नावं. साधे प्लॅन महिन्याला १० डॉलरच्या आसपास सुरू होतात, आणि जागा नावाजलेल्या रस्त्यावर असेल तर वाढतात. वारंवार शहर बदलणाऱ्यांना, म्हणजे प्रोजेक्टबरोबर हलणाऱ्या आयटीवाल्यांना, हाच सोयीचा.

दोन्हींसाठी टपाल खात्याचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म लागतो. इथेही दोन ओळखपत्रं लागतात. सही दुकानदारासमोर करायची किंवा नोटरीसमोर. व्हिडिओ कॉलवरची ऑनलाइन नोटरीही चालते, आणि व्हर्च्युअल सेवा बहुधा तीच जोडून देतात. फॉर्म अडतो तो नेहमी त्याच दोन कारणांनी: ओळखपत्रावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळत नाही (पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव, फॉर्मवर नाही), किंवा घरचा पत्ता म्हणून दुसऱ्याच मेलबॉक्सचा पत्ता दिलेला असतो. न्यूजलेटरचं नाव इथेही लिहायचंच.

पत्ता लिहिण्याची रीत इथे काटेकोर आहे, आणि बरेचजण इथेच चुकतात. मेलबॉक्सच्या क्रमांकाआधी ‘पीएमबी’ (प्रायव्हेट मेलबॉक्स) किंवा # हवं. ऑफिसचा रुबाब यावा म्हणून ‘सुइट’ किंवा ‘अपार्टमेंट’ लिहायला नियमाने बंदी आहे. असं लिहिलेलं टपाल परत जाऊ शकतं. दुकानाच्या स्वतःच्याच पत्त्यात सुइट क्रमांक असेल तर # पुरत नाही, पीएमबीच लिहायचं, आणि दोन्ही आकडे जोडून ‘सुइट ११-२१४’ करायचं नाही. मांडणी अशी:

न्यूजलेटरचं नाव
पीएमबी २१४
दुकानाचा रस्ता आणि क्रमांक, सुइट ११
शहर, राज्य, झिप कोड

प्लॅन घेताना जाहिरातीतला महिन्याचा आकडा बाजूला ठेवून चार गोष्टी विचारा: महिन्याला किती पाकिटं धरली आहेत, स्कॅनचे पानामागे किती, पाकीट किती दिवस फुकट ठेवतात, आणि ती जागा त्यांची स्वतःची आहे की दुसऱ्या दुकानाशी करार करून घेतलेली. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. करार मोडला की तुमचा पत्ता महिन्याभराच्या नोटिशीवर जातो, आणि मग फुटरपासून सगळं बदलत बसावं लागतं.

सेवेचाच पत्ता वापरला तर?

किट तिच्या ग्राहकांना स्वतःचा पत्ता फुटरमध्ये वापरू देते. सबस्टॅक या दुसऱ्या सेवेच्या बहुतेक न्यूजलेटरांच्या तळाशीही सबस्टॅकचाच सॅन फ्रान्सिस्कोचा पत्ता दिसतो. फुकट आणि लगेच. हौसेच्या, अजून पैसे न मिळवणाऱ्या न्यूजलेटरला सुरुवातीला हे ठीक आहे. पण कायद्याचे शब्द ‘पाठवणाऱ्याचा’ पत्ता असे आहेत, आणि तिथे आलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोहोचतंच असं नाही. पहिली जाहिरात किंवा पहिली विक्री सुरू होईल तेव्हा स्वतःचा बॉक्स घ्या. सेवा बदललीत तर जुन्या सेवेचा पत्ता सोबत नेऊ नका. तो हक्क खातं बंद झालं त्या दिवशी संपतो.

महाराष्ट्र मंडळाचा, देवळाचा किंवा मित्राच्या दुकानाचा पत्ता टाकण्याची युक्ती मात्र टाळा. मंडळाची कमिटी बदलते, नव्या सेक्रेटरीला तुमचं नावही माहीत नसतं, आणि तुमचं टपाल गणपतीच्या सामानाबरोबर कुठल्या तरी गॅरेजमध्ये जाऊन पडतं.

पुणे, नाशिक, पणजीतून पाठवत असाल तर

भारतात ईमेलच्या तळाशी पत्ता छापायला लावणारा असा वेगळा कायदा नाही. पण सेवा अमेरिकी आणि काही वाचक न्यू जर्सी, टोरांटोतले, म्हणून तिथले नियम आपल्या दारात येतात. चांगली गोष्ट ही की पत्ता अमेरिकेतलाच हवा असं कुठेही नाही. भारतातला चालू रस्त्याचा पत्ता चालतो. गंमत पीओ बॉक्सची आहे: नियमात ‘अमेरिकी टपाल खात्याकडे नोंदवलेला’ असे शब्द आहेत, तेव्हा पुण्याच्या पोस्टातला बॉक्स अक्षरशः वाचलं तर त्यात बसत नाही. सेवा सहसा तो स्वीकारतात, पण आम्ही तरी रस्त्याच्या पत्त्याचीच शिफारस करू.

तो मिळतो को-वर्किंग जागा किंवा व्हर्च्युअल ऑफिस देणाऱ्यांकडे. त्यांच्याकडे बहुधा दोन प्लॅन असतात: नुसता पत्रव्यवहाराचा आणि जीएसटी नोंदणीचा. तुम्हाला पहिला पुरतो आणि तो बराच स्वस्त असतो. दुसरा गळ्यात मारला जाईल, नको म्हणा. करारात तीन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या आणि न्यूजलेटरच्या नावाचं टपाल घेतलं जाईल, आलं की फोन किंवा मेसेज येईल, आणि करार संपल्यावर किती दिवस टपाल ठेवलं जाईल. रिसेप्शनवरचा मुलगा बदलला की हे सगळं विसरलं जातं, म्हणून लेखी.

दुकान, दवाखाना, क्लास अशी धंद्याची वेगळी जागा आधीच असेल तर काही घेऊ नका, तोच पत्ता द्या.

फुटरमध्ये भरताना

बिलाचा पत्ता आणि फुटरचा पत्ता वेगळे असू शकतात, पण काही सेवा नोंदणीच्या वेळचा पत्ता आपोआप फुटरमध्ये ओढतात. मेलचिंपमध्ये प्रत्येक ऑडियन्सचा, म्हणजे वाचकांच्या यादीचा, पत्ता वेगळा साठवला जातो. खात्यात बदलला म्हणून ऑडियन्समध्ये बदललाय असं समजू नका. पत्ता सापडण्याच्या जागा अंकापुरत्या नसतात. सबस्क्राइब केल्यावर जाणारी खात्रीची ईमेल, स्वागताची ईमेल, अनसबस्क्राइबचं पान आणि ‘अॅड्रेस बुकमध्ये जोडा’ या लिंकमधलं संपर्क कार्ड हे सगळं तपासा. सोपा उपाय: वेगळ्या ईमेलने स्वतःच सबस्क्राइब करा, अंक घ्या, अनसबस्क्राइब करा आणि प्रत्येक पायरीवर तळ वाचा.

पत्ता मजकूर म्हणून लिहा, चित्रात नको. चित्रं बंद ठेवणाऱ्यांना तो दिसतच नाही. आणि अमेरिकेतला पत्ता रोमन लिपीत असू द्या, नाहीतर पाकिटावर तो उतरवणार कोण?

मराठीत लिहिणाऱ्यांना एक खास अडचण येते. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठी ईमेल मध्येच कापतं आणि उरलेली ‘व्ह्यू एन्टायर मेसेज’ या लिंकमागे टाकतं. कापला जातो तो शेवट, म्हणजे नेमका पत्ता आणि अनसबस्क्राइबची लिंक. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार यांची वेगळी चिन्हं धरून. दोन हजार शब्दांचा मराठी लेख नुसत्या मजकुराचाच सुमारे ४० केबी होतो, त्यावर टेम्प्लेटचा कोड. एडिटर अक्षरांचे आकडी कोड करून ठेवत असेल तर एका चिन्हाला ७ बाइट लागतात आणि तोच लेख एकटाच मर्यादेच्या जवळ जातो. वर्ड किंवा गूगल डॉक्समधून थेट चिकटवलं की सोबत फालतू कोडही येतो. म्हणून साधा मजकूर म्हणून चिकटवा, लांब लेखाचा पहिला भाग ईमेलमध्ये आणि उरलेला वेबसाइटवर द्या, आणि चाचणी अंक जीमेलवर उघडून तळापर्यंत जा.

शेवटी नव्या पत्त्यावर स्वतःलाच एक पोस्टकार्ड टाका, फुटरमध्ये छापलंय अगदी तसंच नाव आणि पत्ता लिहून. ते मिळालं की मगच अंक पाठवा.

घरचा पत्ता इतर कुठून गळतो

फुटर झाकून दारं उघडी ठेवण्यात अर्थ नाही. डोमेनच्या नोंदणीत गोपनीयता चालू आहे का ते पाहा. पैसे घेत असाल तर स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवेतल्या ‘पब्लिक’ माहितीत भरलेला सपोर्टचा पत्ता आणि फोन ग्राहकाच्या पावतीवर उमटू शकतो. अमेरिकेत एलएलसी (छोट्या कंपनीचा एक प्रकार) घरच्या पत्त्यावर काढली असेल तर राज्याच्या कंपनी-शोधात तो दिसतो. आणि तिथे पीओ बॉक्स हा रजिस्टर्ड एजंटचा, म्हणजे कंपनीची कायदेशीर कागदपत्रं स्वीकारणाऱ्याचा, पत्ता म्हणून चालत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. भारतात जीएसटी क्रमांक असेल तर पोर्टलवर तो टाकणाऱ्या कोणालाही धंद्याचं मुख्य ठिकाण दिसतं, आणि पैसे भरणाऱ्या वाचकाला जाणाऱ्या बिलावरही पत्ता असतोच. घरून नोंदणी केली असेल तर व्हर्च्युअल ऑफिसचा तो महागडा, जीएसटीवाला प्लॅन अशा वेळीच उपयोगी पडतो.

पत्ता बदलताना

बॉक्सचं भाडं आपोआप भरलं जाईल असं ठेवा, आणि कार्डाची मुदत संपते ती तारीख कॅलेंडरमध्ये घाला. बॉक्स गेला आणि फुटर तसाच राहिला, तर तुम्ही प्रत्येक अंकात चुकीचा पत्ता पाठवताय.

शहर बदलणार असाल तर आधी नवा बॉक्स घ्या, पोस्टकार्डाने तपासा, मग सगळ्या ऑडियन्समध्ये आणि आपोआप जाणाऱ्या ईमेलींमध्ये पत्ता बदला. जुना बॉक्स त्यानंतर निदान ६० दिवस चालू ठेवा. कॅनडाची अटही भागते आणि उशिरा अंक वाचून पत्र टाकणाऱ्यांचीही सोय होते. खासगी मेलबॉक्स सोडताना एक फरक लक्षात ठेवा: तिथून टपाल खात्याकडे पत्ता बदलाचा अर्ज करता येत नाही. पुढचे ६ महिने टपाल पुढे पाठवायची जबाबदारी त्या एजन्सीची असते, मात्र त्याचं टपाल शुल्क तुमच्याकडून घेतलं जातं. तेव्हा सोडताना नवा पत्ता त्यांच्याकडे लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.